भिंग घेण्याआधी

सराफ बाजार, नाशिक

चि. छोटीस,


तुझा निरोप मिळाला, सोबत तीन मायक्रोस्कोपांचे फोटोही. प्रत्येकाखाली किंमत आहे, किती पट मोठं दिसतं तो आकडा आहे. भिंगाच्या खाली हाताला किती जागा उरते, ते मात्र एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. कोरणाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो. पंचेचाळीस पट दाखवणारं यंत्र आणलंस आणि त्याखाली कोरणी फिरवायलाच जागा नसली, तर ते फक्त पाहुण्यांना दाखवायच्या कामाचं.

साध्या भिंगाचं गणित आधी समजून घे. ते जितकं मोठं दाखवतं तितकं तुला जवळ ओढतं. डोक्यावर चढवायचं ते ऑप्टिव्हायझर तू पाहिलं आहेस. त्यात नंबराप्रमाणे काच बदलते. नंबर ३ ची काच पावणेदोन पट दाखवते, पण १४ इंचांवरून. नंबर ५ अडीच पट दाखवते, ८ इंचांवरून. नंबर १० साडेतीन पट, आणि तिथे काम डोळ्यापासून अवघं ४ इंच. घड्याळजीची दहापट आयग्लास घेतलीस तर अंतर एकच इंच. आता कोरणीची मूठ तळहातात, टोक चांदीवर आणि चेहरा चार इंचांवर, असं पाच मिनिटं बसून बघ. उजेड तुझ्याच कपाळाने अडतो, श्वासाने काच धुरकट होते आणि मान पुढे लोंबते. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते खांद्यांवर सरळ तोललेलं असेल तर जाणवत नाही. पुढे झुकलं की मानेचे स्नायू दिवसभर ते धरून ठेवतात. बाजारातले चांगले चांगले कारागीर पन्नाशीत काम सोडतात. लोक म्हणतात, नजर गेली. जवळून बघशील तर नजरेच्या आधी मान आणि कंबर गेलेली असते. नजरेला निदान चष्मा असतो.

घरातली जुनी आयग्लास तुझ्या आईकडे आहे, ती जपून ठेव, पण तिच्यावर कोरू नकोस. एका डोळ्याने खोली कळत नाही. कोरणी पत्र्यात किती उतरली, हे दोन डोळे मिळून सांगतात. घड्याळजीला चाक जागेवर आहे की नाही एवढंच पाहायचं असतं, त्याचं एका डोळ्यावर भागतं. आपलं भागत नाही. आयग्लास तपासणीला ठेव: धार लावल्यावर कोरणीचं टोक मोडलंय का ते पाहायला, किंवा दागिन्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी वाचायला.

मग कोरायला किती पट हवं? काम दिसेल तेवढंच, त्याहून जास्त नाही. भांडी बाजारात तांब्याच्या लोट्यावर नाव टाकायचं असेल तर दीड-दोन पट पुष्कळ. लोट्यांना आता दिवस येणार आहेत, २०२७ चा सिंहस्थ आला आहे. गोदावरीचं पाणी घरी न्यायला माणूस भांडं घेतोच आणि त्यावर नाव, गाव, तिथी मागतो. चांदीच्या ताटावरच्या वेलबुट्टीला अडीच ते पाच पट. अंगठीच्या आत बारीक अक्षरं किंवा देवाच्या टाकावर डोळे-दागिने उजळायचे असतील तर आठ ते बारा. वीसच्या पुढे मी फक्त एखादी खोट शोधायला जातो आणि लगेच खाली येतो.

खाली का येतो, ते सांगतो, कारण हे परदेशातल्या शिकवणीत तुला सापडणार नाही. ते लोक रोमन अक्षरं कोरतात. त्यांचं प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं. एकेक अक्षर मोठं करून कोरलं तरी चालतं. आपल्या अक्षरांना शिरोरेघ आहे. ‘ज्ञानेश्वर’ कोरताना पंधरा पटांवर तुला जेमतेम ‘ज्ञा’ दिसेल. तो सुंदर होईल, पुढचा ‘ने’सुद्धा सुंदर होईल, आणि भिंग बाजूला केलंस की शिरोरेघ पायऱ्या उतरत गेलेली दिसेल. म्हणून शिरोरेघ नेहमी कमी पटांवर, पूर्ण शब्द नजरेत ठेवून, एका दमात ओढायची. तिच्यासाठी सुईने दोन नव्हे, चार रेघा आखायच्या: वेलांटी-मात्रांची वरची, शिरोरेघेची, अक्षराच्या पायाची आणि उकारांची खालची. दंड आणि गोलाई त्यानंतर, थोडं भिंग वाढवून. अनुस्वार, रफार, ‘श्र’ची गाठ हे सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा वाटेल तेवढं भिंग वाढव. म्हणजे एकाच नावाला तीन वेगवेगळे पट लागतात. अशा कामाला झूम असलेलं यंत्र सोयीचं पडतं. डोक्यावरची काच प्रत्येक वेळी बदलत बसावी लागते.

हे काम आपल्याकडच्या माणसांनी झूमशिवायही केलेलं आहे. १८०५ साली मिरजेत गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. कोरणारा तांबट होता. त्याची तयारी त्याआधी पुण्यात, नाना फडणवीस आणि इंग्रज वकील मॅलेट यांच्या काळात झाली होती. छापायचं म्हणून अक्षरं उलटी कोरायची, आणि शिरोरेघ ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोथीच्या आख्ख्या ओळीचा तोल सांभाळायला नजर लांबूनच लागते. जवळून ते जमलं नसतं, असं माझं मत.

आता मायक्रोस्कोप. आपल्याला लागतो तो दोन डोळ्यांचा, स्टिरिओ. शाळेत कांद्याची साल पाहायचा तो नव्हे. त्यात चित्र उलटं दिसतं आणि हात उजवीकडे नेला की डावीकडे जातो. स्टिरिओची मोठी सोय म्हणजे साध्या भिंगाचा तो जवळ ओढण्याचा नियम इथे सुटतो. डोळे वर राहतात, काम खाली, पाठ सरळ. बाजारात बहुतेक यंत्रांची झूम ०.७ ते ४.५ असते आणि डोळ्याजवळची काच दहापट, म्हणजे एकूण ७ ते ४५ पट. खाली साधारण १० सेंटिमीटर जागा. कोरणी, मूठ आणि तिरका हात यांना एवढी जागा अपुरी आहे. म्हणून खाली ०.५ ची जोडकाच लावतात. तिने पट निम्मे होतात, साडेतीन ते साडेबावीस. जागा वाढून अठरा-वीस सेंटिमीटरांच्या घरात जाते आणि दिसणारा भाग दुप्पट रुंद होतो. डोळ्याच्या काचेवर २० हा आकडा लिहिलेला असेल तर सगळ्यात कमी पटांवर सुमारे ५७ मिलिमीटरचं वर्तुळ दिसेल. त्यात अख्खी अंगठी सहज बसते. दुकानदार म्हणेल, मॅडम, ह्याने पॉवर कमी होते. होऊ दे. पंचेचाळीस पट तुला आयुष्यात लागणार नाहीत आणि त्या पटांवर नीट दिसणारी जाडी मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. बांगडी जरा फिरवली की धूसर.

स्टँड उभ्या खांबाचा आणि पाटाचा घेऊ नकोस, त्या पाटावर काम पकडायचा बॉल व्हाइस मावत नाही. लांब आडव्या दांड्याचा घे आणि त्याचा पाया टेबलाला बोल्टने आवळ.

पैशांआधी मात्र मोजपट्टी काढायची. खुर्चीवर ताठ बस, पाय जमिनीला टेकलेले, हात सैल सोडून कोपरात काटकोन. ताईला तीन मापं घ्यायला सांग, तिन्ही जमिनीपासून: मांडीची वरची बाजू, कोपर आणि डोळा. समजा मांडी ५९ सेंटिमीटर आली, कोपर ६७ आणि डोळा ११५. काम कोपराच्या उंचीला असलं की खांदे खाली राहतात, हे सगळे सांगतात. पण बॉल व्हाइस आणि त्यावरचा दागिना मिळून तेरा सेंटिमीटर तरी उंच होतो. मांडीवर बोटभर जागा सोडून ६० वर टेबलाची खालची बाजू, तीन सेंटिमीटरची फळी, म्हणजे टेबल ६३ आणि काम ७६. कोपरापेक्षा नऊ सेंटिमीटर वर! खुर्ची उंच करून सुटका नाही, खुर्चीबरोबर मांडीही वर येते. बहुतेक लोक इथे खांदे उचलतात आणि तसेच वीस वर्षं काढतात.

यावर दोन उपाय आहेत. एक, टेबलावर दोन्ही बाजूंना हाताखाली आठ सेंटिमीटरच्या गाद्या ठेवायच्या, म्हणजे हाताचं वजन खांद्यावरून निघून टेबलावर येतं. दुसरा, आणि मला पटणारा, सोनाराच्या टेबलाला पुढून अर्धचंद्र कापलेला असतो तसा कापून घ्यायचा, आणि त्या खाचेत व्हाइससाठी मजबूत फळी सहा सेंटिमीटर खाली बसवायची. गुडघे तिच्या दोन्ही बाजूंना जातात. काम आलं ७० वर. कोपर दोन्हीकडच्या उंच भागावर टेकतात, खाली पातळ गादी पुरते. आठ सेंटिमीटरच्या गाद्यांची गरज नाही.

डोळ्याचं माप यानंतर कामाला येतं. ११५ मधून ७० वजा केले, उरले ४५. कामापासून तुझ्या डोळ्यापर्यंत एवढीच उंची आहे आणि यंत्र तेवढ्यात बसायला हवं. भिंगाखालची जागा अधिक यंत्राची स्वतःची उंची असा हिशेब दुकानदाराकडून सेंटिमीटरमध्ये लिहून घे. जोडकाचेसह तो पंचेचाळीसच्या आसपास आला तर बरोबर. पन्नास आला तर हनुवटी वर करून बसशील, चाळीस आला तर पुन्हा वाकशील. खाच न घेता काम ७६ वरच ठेवलंस तर उरतात फक्त ३९, आणि जोडकाच लावलेलं बहुतेक कोणतंही यंत्र त्यात बसत नाही. म्हणजे टेबलाला खाच घ्यायची की नाही, यावर मायक्रोस्कोप कोणता हे ठरतं. लोक उलट करतात. यंत्र आधी घेतात आणि मग पाठ त्याच्या मापाने कापून घेतात.

तू जमिनीवरच्या बैठकीबद्दल नाक मुरडलेलं मला आवडलं नाही. बाजारातल्या माड्यांवर आजही कारागीर गादीवर बसतो, पुढे बुटका पाट, एक गुडघा उभा. त्या उभ्या गुडघ्यावर कोपर टेकतो, आणि हाताला असा आधार शहाण्या खुर्चीतही मिळत नाही. चांदीच्या ताटावर ठोकून नक्षी काढायला ती बैठक अजूनही उत्तम. पण त्यात काम नेहमी पोटाच्या पातळीला राहतं, नजर खाली आणि मान वाकलेली. चाळिशीनंतर ती महाग पडते. तू खुर्चीवरच बस. फक्त खुर्चीला हात नकोत, आणि चाकं तर मुळीच नकोत. कोरणीला रेटा दिला की खुर्ची मागे सरकते.

टेबल जड पाहिजे. प्लायवुडचं हलकं टेबल हातोडीच्या टिचकीनेही थरथरतं, आणि दहा पटांवर ती थरथर दहापट दिसते. नाशकात जुने वाडे पाडले जातात तेव्हा सागवानी तुळया निघतात, जुन्या लाकडाच्या वखारीत त्या मिळतात. त्यातली एक चिरून घेतलीस तर वाळलेलं, मुरलेलं लाकूड मिळेल आणि नव्या सागापेक्षा स्वस्त पडेल. टेबल भिंतीला आवळून टाक. तुझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, तेव्हा लिफ्टच्या भिंतीला मात्र नको.

उजेडाबद्दल थोडक्यात. मायक्रोस्कोपबरोबर गोल रिंगलाइट फुकट देतील. चांदीवर ती लावलीस तर प्रत्येक चकचकीत कापात पांढऱ्या ठिपक्यांची माळ दिसेल आणि रेघ कुठे संपली ते कळणार नाही. त्याऐवजी एलईडीचा वाकवता येणारा दिवा डाव्या अंगाने पुढून घे आणि त्यापुढे बटर पेपर धर. मोठा, मऊ उजेड हवा. कापाची एक बाजू उजळ, दुसरी काळी दिसली की खोली वाचता येते. आखणीसाठी पत्र्यावर पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात दे, चकाकी मरते आणि सुईची रेघ उठून दिसते.

यंत्र ठरवण्याआधी डोळे तपासून घे. नुसता अधिक-उणे नंबर असेल तर तो मायक्रोस्कोपच्या डोळ्याच्या काचा फिरवून भरून निघतो, चष्मा काढून बसता येतं. सिलिंडरचा नंबर असेल तर तो निघत नाही. चष्मा ठेवूनच काम करावं लागेल, आणि त्यासाठी डोळा थोडा दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल अशा काचा मागायच्या. डोक्यावरचं भिंग वापरणार असशील तर मेनरोडवरच्या चष्मेवाल्याला कामाचं अंतर सेंटिमीटरमध्ये सांग आणि त्या एकाच अंतराचा चष्मा करून घे. वर दूरचं, खाली जवळचं असा चष्मा कोरायला निरुपयोगी. नेमका भाग सापडावा म्हणून माणूस दिवसभर मान वर-खाली करत राहतो.

दुकानात पारखायला दोन वस्तू बरोबर ने. एक, मिलिमीटरचा आलेख कागद. भिंगातून त्याच्या कडेच्या रेघा धनुष्यासारख्या वाकत असतील तर ते ठेवून दे. स्वस्त प्लास्टिकच्या काचांत हे हमखास असतं. मायक्रोस्कोपमध्ये सगळ्यात जास्त झूमवर एक चौकोन स्पष्ट कर, मग झूम उतरव. चित्र धूसर होता कामा नये. एकेक डोळा मिटून बघ, चौकोन जागेवरून उडी मारत असेल तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. असल्या यंत्रावर अर्ध्या तासात डोकं धरतं आणि आपण दोष डोळ्यांना देतो.

दुसरी वस्तू, शंभरची नवी जांभळी नोट. आपल्या गावाला हे शोभतंही. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, १९२६ पासून तिथे टपालाची तिकिटं छापली जाऊ लागली, आणि १९२८ पासून शेजारी नोटांची प्रेस. नोटेवरचं गांधीजींचं चित्र बोटाला उंच लागतं, कारण ते खोदलेल्या पत्र्यातली शाई दाबून उठवलेलं असतं. आपल्याच कामाचं ते श्रीमंत भावंड. गालावरच्या रेघा बघ. त्या जाड-बारीक होत जातात, सावली त्यातूनच येते. मग नोटेवर ‘भारत’, ‘आरबीआय’ आणि १०० अशी सूक्ष्म अक्षरं शोध. ती ज्या पटांवर आरामात, डोळे न ताणता वाचता येतील, ते तुझे रोजचे पट. दुकानदार कितीही बोलला तरी तो आकडा कागदावर लिहून आण.

कामाला बसलीस की व्हाइसचा गोळा फिरव, हात फिरवू नको. कोरणीचा हात जवळपास जागेवर राहतो आणि डावा हात काम त्याच्याकडे आणून देतो. त्यासाठी गोळ्याचा मध्य भिंगाच्या बरोबर मध्याखाली असावा, नाहीतर वेलाचं प्रत्येक वळण चित्राबाहेर पळेल. पहिले काही दिवस तुला वाटेल, हात फार कापतो. हात तेवढाच कापतो, दिसतो जास्त. झूम उतरव, कोरणीचा अंगठा पत्र्यावर टेकव, श्वास सोडताना रेघ ओढ. दर वीस मिनिटांनी वीसेक फुटांवर कुठेतरी वीस सेकंद बघ. गच्चीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी चालेल. झालेलं काम भिंगातून पास करू नको. हातभर अंतरावर धरून उघड्या डोळ्यांनी पाहा, गिऱ्हाईक तसंच पाहणार आहे.

हवेवर चालणारी कोरणी आणि कॉम्प्रेसर यांचं आत्ता सोड. आधी हाताने रेटून आणि छोट्या हातोडीने एक वर्ष काढ. शिवाय चौथ्या मजल्यावर कॉम्प्रेसर लावलास तर खालचे लोक सोसायटीची बैठक बोलावतील.

आत्ता एवढंच कर. नंबर ५ ची काच असलेलं चांगलं काचेचं डोक्यावरचं भिंग घे, प्लास्टिकचं नको. आठ इंचांत कोरणी नीट फिरते आणि अडीच पटांत तुझी वेलबुट्टी निघते. टेबल मात्र आत्ताच खाच असलेलं करून घे, म्हणजे पुढे मायक्रोस्कोप आला तर त्याला जागा तयार असेल. कोणता घ्यायचा ते सहा महिन्यांनी ठरवू. तोवर तुझ्या हाताला कोणतं काम जास्त येतं, अंगठ्या की ताटं, हेही कळलेलं असेल.

सुताराशी बोलण्याआधी ती तीन मापं मला फोनवर सांग. ताईला म्हणावं, मोजताना तू ताठ बसली आहेस ना ते बघ, फोटो काढायला बसतेस तशी नको. टेबलाच्या खाचेचं चित्र काढून पाठवतो. आई-बाबांना नमस्कार.

तुझा
मामा